शाळा, दवाखाना, पाणथळ: वेगवेगळ्या क्षेत्रांतलं सामाजिक मूल्य मोजायचं कसं?

एका निधीसंस्थेकडे तीन अर्ज आलेत असं धरू. पहिला तरुणांना रोजगाराचं प्रशिक्षण देणाऱ्यांचा: शंभरातल्या साठ जणांना काम मिळालं. दुसरा वृद्धांना घरी जाऊन आरोग्यसेवा देणाऱ्यांचा: वर्षभरात चार हजार भेटी. तिसरा पाणथळ जागेचं पुनरुज्जीवन करणाऱ्यांचा: तीस हेक्टर. पैसा एकालाच पुरेल इतका आहे. साठ, चार हजार आणि तीस यांत मोठं काय?

प्रश्न विचित्र आहे, पण तो टाळता येत नाही. खात्यांना निधी वाटून देणारा मंत्री, देणगीदार, कंपनीची सीएसआर समिती हे सगळे त्याचं उत्तर देतच असतात. कधी मनाच्या कौलाने, कधी सल्लागाराने काढून दिलेल्या ‘१ गुंतवा, ४ मिळवा’ अशा गुणोत्तराने. ब्रिटनमध्ये तर हे कायद्याने आलं. सरकारी सेवांची कंत्राटं देताना सामाजिक, आर्थिक आणि पर्यावरणीय हिताचा विचार करावा, असं २०१२ च्या सोशल व्हॅल्यू कायद्याने सांगितलं. २०२१ पासून तिथल्या केंद्र सरकारच्या मोठ्या निविदांमध्ये सामाजिक मूल्याला किमान १० टक्के गुण राखून ठेवले गेले. मग रस्ते बांधणारे, सॉफ्टवेअर पुरवणारे आणि कार्यालयं झाडणारे सगळे एकाच रकान्यात आपापलं ‘सामाजिक मूल्य’ भरू लागले.

माझं मत आधीच सांगतो. सगळी क्षेत्रं एका आकड्यात बसवणं हे काम शेवटचं आहे, आणि बऱ्याचदा त्याची गरजच पडत नाही. त्याआधीच्या पायऱ्या नीट केल्या तर निर्णय पुष्कळसा सुटत आलेला असतो. त्या गाळून थेट गुणोत्तर काढलं, तर दशांश चिन्हानंतरचे दोन अंक फक्त शोभेला उरतात.

पायरी १: हे मोजमाप कोणत्या निर्णयासाठी, ते लिहून काढा

एका वाक्यात लिहा: ‘या आकड्यांच्या आधारे अमुक व्यक्ती अमुक तारखेपर्यंत अमुक ठरवणार आहे.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर पाहणी सुरू करू नका.

निर्णयाप्रमाणे मोजमाप बदलतं. आपलंच काम सुधारायचं असेल तर पैशातलं मूल्य काढायची काहीच गरज नाही; प्रशिक्षणातली कुठली तुकडी गळते आणि का, एवढं कळलं तरी पुष्कळ. एकाच क्षेत्रातल्या दोन प्रकल्पांतून निवडायचं असेल तर त्या क्षेत्राचं माप पुरतं. आरोग्य की पर्यावरण, अशी निवड असेल तेव्हाच सामाईक मापाचा प्रश्न येतो. गंमत अशी की बहुतेक संस्थांना गरज असते पहिल्या प्रकाराची, आणि त्या तयारी करतात तिसऱ्याची, कारण देणगीदाराच्या फॉर्ममध्ये तसा रकाना असतो.

पायरी २: बदल कुणाच्या आयुष्यात झाला, ते शोधा

चार हजार भेटी हे संस्थेने केलेलं काम आहे. तीस हेक्टरही तसंच. त्यातून कुणाचं काय बदललं, हे त्या आकड्यांत कुठेच नाही. म्हणून प्रत्येक उपक्रमासाठी एक साखळी कागदावर मांडा: आपण काय ओतलं, काय केलं, त्यातून लगेच काय निघालं, लोकांच्या जगण्यात काय फरक पडला आणि तो किती टिकला. क्षेत्रांची तुलना करायची असेल तर ती साखळीतल्या एकाच कडीवर करायची. एकाच्या भेटी आणि दुसऱ्याच्या नोकऱ्या शेजारी ठेवल्या की भेटी नेहमीच भरघोस दिसतात.

ही साखळी कार्यालयात बसून लिहू नका. ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना मोकळा प्रश्न विचारा: ‘यामुळे काय बदललं? चांगलंही सांगा, वाईटही.’ वृद्धांकडून कदाचित असं ऐकायला येईल की रक्तदाब तपासल्याचं ठीक, पण आठवड्यातून कुणीतरी दाराशी येतं हेच मोठं. मग एकटेपणा हा तुमचा मुख्य निर्देशक होतो, आणि तो मूळ प्रस्तावात नसण्याचीच शक्यता जास्त.

ज्यांचं नुकसान झालं त्यांनाही यादीत घ्या. पाणथळीला कुंपण पडलं की तिथे गुरं चारणाऱ्यांची वाट बंद होते. त्यांचा तोटा वजा केल्याशिवाय पाणथळीचं मूल्य पूर्ण होत नाही. अहवालांत हा रकाना मला क्वचितच भरलेला दिसतो.

बदल कधी कधी भलत्याच खात्यात उगवतो. केनियात १९९८ पासून ७५ शाळांमध्ये मुलांना जंताची औषधं टप्प्याटप्प्याने देण्यात आली. एडवर्ड मिगेल आणि मायकेल क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उपाय आरोग्याचा, पण ठळक परिणाम दिसला हजेरीपटावर: औषध मिळालेल्या शाळांत गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. संसर्ग कमी झाल्याने औषध न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला. परीक्षेतले गुण मात्र वाढले नाहीत. पुढे २०१५ मध्ये इतर संशोधकांनी त्याच आकडेवारीची फेरतपासणी केली आणि त्यावरून बराच वाद झाला. आपल्या कामापुरता धडा असा: आरोग्यवाल्यांनी फक्त आरोग्य मोजलं असतं तर हजेरी दिसली नसती, आणि शिक्षणवाल्यांनी फक्त गुण मोजले असते तर काहीच दिसलं नसतं. म्हणून प्रत्येक साखळीखाली एक जादा ओळ ठेवा: ‘याचा फायदा किंवा तोटा दुसऱ्या कोणत्या खात्यात उमटेल?’

पायरी ३: आधी त्या त्या क्षेत्राचं माप वापरा

प्रत्येक क्षेत्राने काही दशकं घालवून आपापली मापं घडवली आहेत. ती बाजूला ठेवून नवी प्रश्नावली रचणं म्हणजे वेळ वाया.

आरोग्यात हे काम सर्वांत पुढे गेलंय. तिथे ‘क्वाली’, म्हणजे गुणवत्तेनुसार समायोजित केलेलं आयुष्याचं वर्ष, हे एकक चालतं. पूर्ण आरोग्यातलं एक वर्ष म्हणजे १, मृत्यू म्हणजे ०. एखाद्याची स्थिती ०.६ वरून ०.८ वर गेली आणि पाच वर्षं टिकली, तर ०.२ गुणिले ५, म्हणजे एक क्वाली. ती स्थिती ठरवायला ईक्यू-५डी ही छोटी प्रश्नावली वापरतात: हालचाल, स्वतःची कामं, रोजचे व्यवहार, वेदना आणि चिंता किंवा नैराश्य. आजारांचा एकूण भार मोजायला ‘डाली’, म्हणजे आजारपण आणि अकाली मृत्यू यांमुळे गमावलेली निरोगी वर्षं, हे एकक वापरतात. जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालाने ते माप पुढे आणलं.

डालीची एक गोष्ट माहीत असावी. सुरुवातीच्या सूत्रात तरुण प्रौढाच्या एका वर्षाला तान्ह्या बाळाच्या किंवा वृद्धाच्या वर्षापेक्षा जास्त वजन होतं. जागतिक रोगभार अभ्यासाच्या २०१० च्या आवृत्तीत ते वयाचं वजन काढून टाकलं. आजार तेच, माणसंही तीच, पण वजन काढताच भार बदलला. म्हणजे तांत्रिक दिसणाऱ्या मापाच्या पोटातही ‘कुणाचं आयुष्य किती मोलाचं’ हा निर्णय कुणीतरी घेतलेला असतो. माप उसनं घेताना तो निर्णयही आपण उसना घेतो.

शिक्षणात शाळेत घालवलेली वर्षं आणि प्रत्यक्ष शिकणं यांची गल्लत करू नका. जागतिक बँक हल्ली दोन्ही जोडून शिक्षण-समायोजित वर्षं काढते. रोजगारात नोकरी लागली की नाही यापेक्षा सहा महिन्यांनी ती टिकली का आणि उत्पन्नात किती फरक पडला, हे विचारा. पर्यावरणात कार्बन टनात मोजता येतो, पण जैवविविधतेला तसं एकच एकक नाही. तिथे प्रजातींची संख्या, पाण्याची प्रत, अधिवासाची स्थिती असे निर्देशक वेगवेगळेच ठेवावे लागतात. कला-संस्कृतीत आणखी पंचाईत: ग्रंथालयात कधीही पाऊल न टाकणाऱ्यालाही ते असावंसं वाटतं, आणि हे मूल्य प्रवेशनोंदीत सापडत नाही.

पायरी ४: आपलं नसलेलं श्रेय वजा करा

सगळ्या क्षेत्रांना एकाच शिस्तीत आणणारी पायरी ही. एककं वेगळी असली तरी वजावटीचे प्रश्न सगळ्यांना सारखेच लागू पडतात. प्रशिक्षणाच्या उदाहरणावर हिशेब करून पाहू. आकडे मी फक्त समजावण्यापुरते घेतले आहेत.

शंभरातल्या साठ जणांना काम मिळालं. पहिला प्रश्न: प्रशिक्षण नसतं तर किती जणांना मिळालं असतं? अशाच वयाच्या आणि शिक्षणाच्या, पण प्रशिक्षण न घेतलेल्या शंभर जणांतल्या २५ जणांना त्याच काळात काम लागलं असेल, तर आपल्यामुळे झालेला बदल ३५. दुसरा प्रश्न: यातल्या किती नोकऱ्या दुसऱ्या कुणाच्या हातून गेल्या? मालकाने तीच जागा वेगळ्या उमेदवाराला दिली असती तर समाजाच्या हिशेबात भर शून्य. हे प्रमाण २० टक्के धरलं तर उरले २८. तिसरा: श्रेयात आणखी कोण भागीदार? उमेदवारांना दुसऱ्या संस्थेने शिष्यवृत्ती दिली होती आणि तिचा वाटा २५ टक्के ठरला, तर राहिले २१.

चौथा प्रश्न टिकण्याचा. दर वर्षी ३० टक्के परिणाम विरत गेला तर पहिल्या वर्षी २१, दुसऱ्या वर्षी सुमारे १४.७, तिसऱ्या वर्षी १०.३. तीन वर्षांत मिळून ४६ रोजगार-वर्षं. वजावट न करता संस्थेने ६० गुणिले ३, म्हणजे १८० लिहिली असती.

अहवालांमध्ये जे फुगवटे दिसतात त्यांतले बहुतेक इथे जन्मतात. दोन क्षेत्रांची तुलना करताना एकाने वजावट केलेली आणि दुसऱ्याने न केलेली असेल, तर प्रामाणिक संस्था हमखास हरते. म्हणून निधी देणाऱ्याने वजावटीचे हे चार रकाने सगळ्या अर्जांत सक्तीचे करावेत आणि प्रत्येक टक्केवारीसमोर ती कुठून आली हे लिहायला लावावं: तुलनागट, सरकारी आकडेवारी, लाभार्थ्यांची उत्तरं की निव्वळ अंदाज. अंदाजही चालेल, पण ‘अंदाज’ असं लिहून.

तुलनागट कसा मिळवायचा? चिठ्ठ्या टाकून दोन गट करणं सर्वांत भरवशाचं. याच पद्धतीच्या वापरासाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण लहान संस्थेला ते झेपत नाही, आणि एकुलत्या एका पाणथळीसाठी तर शक्यच नाही. मग मधला मार्ग: पुढच्या तुकडीसाठी नाव नोंदवून वाट पाहणाऱ्यांची आजची स्थिती टिपा. ते तितकेच उत्सुक असतात, म्हणून तुलना बऱ्यापैकी जुळते. पाणथळीसाठी जवळच्याच, काम न झालेल्या पाणथळीची नोंद ठेवा. आणि काहीही झालं तरी बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीच्या स्थितीची नोंद, चुकवू नका. काम सुरू झाल्यावर ‘आधी कसं होतं’ हे आठवून सांगितलेलं उत्तर फारसं भरवशाचं नसतं.

पायरी ५: छोटा सामाईक गाभा ठरवा

आता तिन्ही अर्ज शेजारी ठेवायला हरकत नाही. एकक अजून एक नाही, पण प्रश्न एक करता येतात. अनेक गुंतवणूकदार आणि संस्थांनी मिळून चालवलेल्या इम्पॅक्ट मॅनेजमेंट प्रोजेक्टची पाच अंगं मला इथे सोयीची वाटतात: काय बदललं, कुणासाठी, किती, त्यात आपला वाटा किती, आणि अपेक्षेप्रमाणे न घडण्याची जोखीम किती. ‘किती’ या प्रश्नाचे तीन तुकडे करा: किती जणांना, किती खोल, किती काळ.

या तक्त्यातच अनेकदा चित्र स्पष्ट होतं. प्रशिक्षण थोड्या जणांना, पण खोल. घरपोच सेवा मध्यम संख्येला, मध्यम खोल, मात्र सेवा थांबली की परिणामही थांबतो. पाणथळ पुष्कळांना, प्रत्येकाला थोडं, पण दीर्घकाळ आणि जास्त जोखमीचं. निधीसंस्थेला नेमकं काय हवंय, हे तिच्या विश्वस्तांनी इथे बोलून ठरवायचं असतं. तो मूल्यांचा निर्णय आहे आणि तो बैठकीत उघडपणे व्हावा. सल्लागाराच्या एक्सेल शीटमधल्या कुठल्या तरी सेलमध्ये परस्पर होऊ नये.

लोकांपर्यंत थेट पोचणाऱ्या उपक्रमांसाठी आणखी एक धागा उपयोगी पडतो: जीवन-समाधान. ‘एकूण पाहता तुम्ही आपल्या आयुष्याबद्दल किती समाधानी आहात?’ हा ० ते १० चा प्रश्न प्रशिक्षणार्थीलाही विचारता येतो आणि वृद्धालाही. एका माणसाच्या समाधानात एका वर्षासाठी एका गुणाचा फरक म्हणजे एक ‘वेल्बी’. ब्रिटनच्या अर्थखात्याने २०२१ मध्ये याचं मार्गदर्शन काढलं आणि एका वेल्बीची मध्यवर्ती किंमत १३,००० पौंड धरली, १०,००० ते १६,००० अशा पट्ट्यासह, २०१९ च्या किमतींत. मर्यादाही ध्यानात ठेवा: माणसं वाईट परिस्थितीशी जुळवून घेतात आणि समाधानी असल्याचं सांगतात. शिवाय पाणथळीतल्या पक्ष्यांना हा प्रश्न विचारता येत नाही.

पायरी ६: पैशात आणायचंच असेल तर दर उघडे ठेवा

सामाजिक परतावा, म्हणजे एसआरओआय, ही पद्धत १९९० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या आरईडीएफ या संस्थेने मांडली आणि पुढे ब्रिटनमध्ये तिची सविस्तर मार्गदर्शिका झाली. परिणामांना पैशातली किंमत लावायची, वजावट करायची आणि गुंतवणुकीने भागायचं. किंमत मिळवण्याचे ढोबळ तीन मार्ग: वाचलेला खर्च पाहणं, लोकांच्या बाजारातल्या वागण्यावरून अनुमान काढणं, किंवा ‘यासाठी किती द्याल?’ असं थेट विचारणं.

थेट विचारण्याचा एक प्रसिद्ध फजितवडा आहे. १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं आणि निसर्गहानीची किंमत कशी लावायची यावर मोठी झुंज लागली. त्याच सुमारास अमेरिकेत एका पाहणीत वेगवेगळ्या गटांना विचारलं: तेलाच्या तळ्यांत बुडून मरणारे स्थलांतरित पक्षी वाचवायला किती द्याल? २,००० पक्ष्यांसाठी सरासरी उत्तर आलं ८० डॉलर, २०,००० साठी ७८ आणि २,००,००० साठी ८८. संख्या शंभरपट झाली, किंमत जवळपास तिथेच. लोक पक्ष्यांची संख्या मोजत नव्हते. एका चांगल्या कामाला वर्गणी देत होते. १९९३ मध्ये केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अशा पाहण्यांसाठी कडक नियम सुचवले: आकडा विचारण्यापेक्षा ठरावीक रकमेवर हो-नाही असं मत घ्या, आणि खिशातले पैसे मर्यादित आहेत याची आठवण करून द्या. पाहणी करणारच असाल तर हे दोन नियम पाळाच.

बाजारातल्या वागण्यावरून किंमत काढली तर दुसरा खड्डा असतो. श्रीमंत जास्त देऊ शकतात, म्हणून त्यांच्या परिसरातल्या बागेचं मूल्य आपोआप जास्त निघतं. उपाय म्हणून उत्पन्नानुसार वजन देता येतं. ब्रिटिश अर्थखात्याच्या ग्रीन बुकमध्ये, म्हणजे सरकारी प्रकल्प कसे जोखावेत हे सांगणाऱ्या मार्गदर्शिकेत, यासाठी १.३ हा घातांक सुचवला आहे. त्या हिशेबाने निम्मं उत्पन्न असणाऱ्याला मिळालेला एक पौंड सुमारे अडीच पट मोजला जातो. वजन न देणं हीसुद्धा एक भूमिकाच आहे, फक्त ती न सांगता घेतलेली.

आणि दर किती हलतात? अमेरिकी सरकारने २०२१ मध्ये एक टन कार्बन डायऑक्साइडची सामाजिक किंमत, म्हणजे तो हवेत सोडल्याने होणाऱ्या नुकसानीची किंमत, ५१ डॉलर धरली होती. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये ती १९० वर नेली. हवामानाच्या नुकसानीचे नवे अंदाज हे एक कारण, आणि भविष्याला आजच्या किमतीत आणताना लावलेला दर ३ वरून २ टक्क्यांवर आणला हे दुसरं. हा सवलतीचा दर पाणथळीसारख्या कामांचं नशीब ठरवतो. वीस वर्षांनी मिळणारे १०० एकक लाभ आज २ टक्के दराने ६७ भरतात, ग्रीन बुकच्या ३.५ टक्क्यांनी ५०, आणि ७ टक्क्यांनी फक्त २६. प्रशिक्षणाचे लाभ लगेच मिळतात, त्यामुळे त्यांना याची झळ फारशी बसत नाही. म्हणून सगळ्या अर्जांना दर एकच लावा आणि तो पहिल्या पानावर छापा.

पायरी ७: आकडा हलवून पाहा

एकच गुणोत्तर कधीही देऊ नका. कमी, मधला आणि जास्त असे तीन द्या. सर्वांत डळमळीत गृहीतक कोणतं ते शोधा आणि ते किती बदललं तर निर्णय उलटेल हे काढा. ‘विरण्याचा दर ३० ऐवजी ५५ टक्के निघाला तरच आरोग्यसेवा प्रशिक्षणाच्या पुढे जाते’ अशा धाटणीचं वाक्य विश्वस्तांच्या खरोखर कामी येतं, ४.३५ हा आकडा येत नाही. दोन संस्थांची नुसती गुणोत्तरं शेजारी ठेवून तुलना करू नका, असं एसआरओआयची मार्गदर्शिकाही बजावते, कारण प्रत्येकीने गृहीतकं वेगळी निवडलेली असतात.

दुहेरी मोजणीही इथेच पकडा. वृद्धाचं आरोग्य सुधारलं त्याचे क्वाली, त्यामुळे वाढलेलं समाधान आणि दवाखान्याचा वाचलेला खर्च, या तिन्हींची बेरीज झाली असेल तर पहिल्या दोघांत एकच बदल दोनदा आला आहे.

पायरी ८: मोजण्यामुळे काम बिघडत नाही ना, ते पाहा

निर्देशकाला पैसा जोडला की तो वाकतो. मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी हे १९७० च्या दशकातच नोंदवलं होतं. नोकऱ्यांच्या संख्येवर निधी मिळत असेल तर संस्था ज्यांना लवकर काम मिळेल असेच उमेदवार निवडते. ज्यांना मदतीची सर्वांत जास्त गरज, ते दाराबाहेर राहतात. म्हणून निकालासोबत प्रवेश घेणाऱ्यांची प्रोफाइलही मागवा. दर वर्षी थोड्या नोंदी त्रयस्थाकडून दूरध्वनीवर तपासून घ्या. प्रश्नावली इतकी छोटी ठेवा की कार्यकर्त्यांचा दिवस ती भरण्यात जाणार नाही. मोजमापाचा खर्च देणगीदाराने वेगळा द्यावा, उपक्रमाच्या पैशातून कापू नये.

शेवटचं काम वेळापत्रकातच घाला, नाहीतर ते राहून जातं. अहवाल देणगीदाराकडे जाण्याआधी ज्यांनी उत्तरं दिली त्यांच्यासमोर तो त्यांच्या भाषेत वाचून दाखवा आणि हरकती घ्यायला सवड द्या. प्रशिक्षणार्थी, वृद्ध, गुरं चारणारे, सगळ्यांना. कुणी हरकत घेतली म्हणून आकडा खोडायचा नाही आणि आकडा पक्का आहे म्हणून हरकत गाळायची नाही. दोन्ही एकाच पानावर छापायचं.